‘बघते’ म्हणून कुणाला ताटकळत ठेवू नका

जागा घ्यावी कशी, कागद तपासावेत कसे, हे तुम्ही नेहमी विचारता. या वेळची चार पत्रं मात्र वेगळी आहेत. जागा समोरून चालून आली आहे आणि ती नको आहे, आता बोलायचं कसं? दादाबरोबर मी २९ वर्षं गोव्यात सत्तरी, डिचोली आणि बार्देशात जागांची खरेदी-विक्री केली. जेवढ्या घेतल्या, त्याच्या वीसपट तरी नाकारल्या असतील. त्यातल्या बऱ्याच चुकीच्या रीतीनं नाकारल्या, म्हणून ही पत्रं मला जवळची वाटली.

प्रश्न : ताई, मी आणि माझा मित्र म्हापशाचे. घर बांधता येतील असे लहान भूखंड घ्यायचे, कागद नीट करायचे आणि पुढे विकायचे, असा धंदा वर्षापूर्वी सुरू केला. पेडणे आणि बार्देशातल्या दोनशेक मालकांना पत्रं पाठवली, वर्तमानपत्रात ‘जागा पाहिजे’ म्हणून जाहिरात दिली. ऐंशीच्या वर फोन आले. त्यातल्या पाच-सहा जागा आमच्या कामाच्या. बाकी कुणाची बागायत, कुणाचं भातशेत, कुणाचा भावाभावांतला हिस्सा, एकाचं तर नदीला लागून खाजन (भरतीचं पाणी बांधानं अडवून राखलेली जमीन). लोक विश्वासानं बोलतात, घरच्या अडचणी सांगतात. तोंडावर ‘नको’ म्हणवत नाही, म्हणून ‘बघतो, कळवतो’ म्हणतो. आता तेच लोक पुन्हा पुन्हा फोन करतात. पेडण्याचे एक आजोबा दर रविवारी सकाळी दहाला करतात. मी आता उचलत नाही आणि दिवसभर चुटपुट लागते. काय करू?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : आधी त्या आजोबांना फोन करा. रविवारची वाट बघू नका. ‘आबा, तुमची जागा आम्ही घेणार नाही. तुम्हाला इतके दिवस थांबवलं, ते आमचं चुकलं,’ एवढं म्हणा. ते रागावले तर ऐकून घ्या.

तुमची भीड मला कळते. पण ते आजोबा आपणहून तुमच्या दारात आले नव्हते, पत्र तुम्ही टाकलंत. ‘तुमची जागा घ्यायची आमची इच्छा आहे’ असा कागद पोस्टमन घेऊन येतो, त्या रात्री त्या घरात दुसरा विषय निघत नाही. हे मी घरोघर बसून पाहिलंय. ज्यानं विषय काढला, त्यानंच तो मिटवायचा असतो.

२००७ च्या जूनमधली गोष्ट सांगते. वाळपईकडच्या एका गावातल्या बाई दुपारच्या बसनं आमच्याकडे आल्या. नवरा वारलेला, मुलगा नोकरीच्या शोधात. काजूची बाग विकायची होती. कागद त्यांनी ब्लाउजपिसात गुंडाळून आणले होते. वर जमिनीच्या नोंदीचा एक-चौदाचा उतारा, खाली सर्व्हेचा नकाशा, सगळ्यात तळाला पोर्तुगीज काळातला एक जाड कागद. सगळ्याला डांबरगोळ्यांचा वास. नकाशा घडीघडीवर विरून चार तुकडे झाला होता आणि मागून सुती कापडाची पट्टी पेजेनं चिकटवून जोडला होता. त्या पट्टीवरून त्यांनी बोट फिरवलं आणि म्हणाल्या, ‘हे ह्यांनी लावलेलं.’ बागेला रस्ता नव्हता. नकाशा उलगडल्यावर दोन मिनिटांत मला ते दिसलं आणि रस्ता नसलेली जागा आम्ही घेत नव्हतो. तरी मी म्हटलं, ‘कागद ठेवून जा, बघते.’ चहा दिला, बसपर्यंत सोडायला गेले. आपण माणुसकीनं वागलो असं मला मनापासून वाटलं.

ते पुडकं अकरा महिने माझ्या कपाटात पडून राहिलं. पुढच्या मे महिन्यात बाई आल्या आणि कागद परत मागितले. तेव्हा कळलं, त्या साली त्यांनी काजू मक्त्यानं दिलाच नव्हता. ‘जागा तुमच्याकडे जायची, मग मक्तेदाराला शब्द कसा देऊ?’ बिया गोळा करायला माणूस मिळाला नाही, निम्मी बोंडं झाडाखालीच कुजली. घर ज्या पैशावर पावसाळा काढतं, तो पैसा गेला. मला त्या एका शब्दानं बोलल्या नाहीत. पुडकं उघडून कागद मोजले, होते तसे गुंडाळले आणि निघाल्या. त्या दिवसापासून ‘बघते’ हा शब्द मी धंद्यात वापरला नाही.

आपल्याकडे तो शब्द जास्तच जड होतो, कारण गोव्यात जमीन एकट्याची क्वचित असते. पोर्तुगीज सिव्हिल कोडपासून चालत आलेल्या आपल्या कायद्यात भाऊ-बहीण सारखेच वारस. लग्नापूर्वी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायको दोघांचा हक्क आणि विक्रीला दोघांच्याही सह्या लागतात. म्हणजे आजोबांना मुंबईची बहीण, तिचा नवरा, पोर्तुगालला गेलेला पुतण्या, त्याची बायको, सगळ्यांना राजी करायचं असतं. तुमचं ‘बघतो’ ऐकून त्यांनी एव्हाना सगळ्यांना कळवलं असेल, ‘गिऱ्हाईक आहे.’ कुणी मुखत्यारपत्राची चौकशी सुरू केली असेल, कुणी त्या पैशाचा हिशेबही मांडला असेल. तुम्ही एका म्हाताऱ्याचा फोन उचलत नाही, पण ताटकळलेली माणसं आठ-दहा आहेत.

आता कामाचं. पहिल्याच फोनवर गाव आणि सर्व्हे नंबर विचारा. माणूस घरची अडचण सांगण्याआधी विचारा, कारण सगळं ऐकून घेतल्यावर ‘नको’ म्हणणं तुम्हालाही जड आणि त्यालाही. सर्व्हे नंबर घातला की एक-चौदा संगणकावर दिसतो. कब्जेदार कोण, कुळाच्या रकान्यात नाव आहे का, इतर हक्कांत काय लिहिलंय, हे दहा मिनिटांत कळतं. भातशेताचं तर उत्तर फोनवरच देता येतं, कारण शेतकरी नसलेल्याला ते विकण्यावर २०२३ च्या कायद्यानं निर्बंध आणले आहेत. बागायतीत फार्महाउस बांधायचं म्हटलं तरी किमान ४,००० चौरस मीटर जागा हवी, तिथे तुमचे लहान भूखंड कसे पडणार? खाजनाला सीआरझेडचं, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राच्या नियमांचं, संरक्षण आहे, आणि ते असायलाच हवं. बांध आणि मानस (पाण्याची दारं) सांभाळत पिढ्यान् पिढ्या राखलेली ती जमीन आहे, तिच्यात भराव घालायला कुणी जागा शोधत असेल तर माझा सल्ला त्याच्यासाठी नाही. सांगायचं एवढंच की ऐंशीतल्या साठ जणांना त्याच दिवशी उत्तर देता आलं असतं.

मी अशी बोलायचे: ‘काका, तुम्ही फोन केलात, आभारी आहे. आम्ही फक्त सेटलमेंटमधले, म्हणजे घरं बांधायच्या झोनमधले, लहान भूखंड घेतो. तुमची बागायत आहे, म्हणून आम्ही घेणार नाही. आमच्यासाठी थांबू नका, दुसरं गिऱ्हाईक आलं तर खुशाल बोला.’ यातलं शेवटचं वाक्य कधीच गाळू नका. ‘नको’ ऐकूनही माणूस आशेवर राहतो, ‘थांबू नका’ ऐकल्यावर तो दुसरीकडे बघायला लागतो. संध्याकाळी तेच दोन ओळींत सर्व्हे नंबर घालून व्हॉट्सॲपवर पाठवा, म्हणजे त्यांना मुलाबाळांना दाखवता येतं. कागद घेतले असतील तर आठ दिवसांत परत करा. मूळ कागद तर हातात घेऊच नका, झेरॉक्स मागा.

एक चूक हमखास होते. ‘नको’ म्हणायला नको, म्हणून लोक हास्यास्पद भाव सांगतात. वाटतं, समोरचा चिडेल आणि आपणहून निघून जाईल. २००९ मध्ये मी हे केलं. डिचोली तालुक्यातल्या एका घरमालकाला बाजारभावाच्या पावभागही नसलेला आकडा सांगितला. चौथ्या दिवशी तो जावयाला घेऊन आला आणि म्हणाला, ‘बरं, द्या तेवढे.’ बायको इस्पितळात होती. माझी मान खाली गेली. त्या भावात घेतली असती तर ती लूट झाली असती, आणि मुळात ती जागा आम्हाला नकोच होती. तेव्हा ‘नको’ म्हणावं लागलं, ते पहिल्या दिवसापेक्षा कितीतरी क्रूर होतं. शिवाय तुम्ही सांगितलेला आकडा गावात फिरतो. पुढचं गिऱ्हाईक तिथूनच सुरुवात करतं. जी जागा घ्यायची नाही, तिला भाव सांगायचा नाही.

खोटी कारणंही नकोत. ‘पार्टनर गावाला गेलाय’ म्हटलंत तर ते पार्टनर यायची वाट बघणार. ‘पैसे अडकलेत’ म्हटलंत तर पैसे सुटायची. आणि जागेला नावं ठेवू नका. पाणी नाही, चढ आहे, लांब आहे, हे त्यांना तुमच्याहून जास्त माहीत असतं. तिथले माड त्यांच्या आजोबांनी पाण्याच्या कळशा वाहून जगवलेले असतात. कारण तुमच्या गरजेचं सांगा, त्यांच्या जमिनीचं सांगू नका.

वाळपईच्या त्या बाईंची बाग शेवटी शेजारच्या बागायतदारानं घेतली. त्याला रस्त्याची अडचणच नव्हती, वाट त्याच्याच बागेतून होती. हे त्याच नकाशावर छापलेलं होतं. मी पहिल्या दिवशी म्हटलं असतं की ‘बाई, आम्हाला ही जमणार नाही, पण लगतच्या सर्व्हे नंबरवाल्याला विचारून बघा’, तर त्यांचा तो हंगाम वाचला असता. चिंचोळी पट्टी, रस्ता नसलेला तुकडा, दोन भाटांच्या (बागायतींच्या) मध्ये अडकलेली जागा, हे सगळं परक्याला निरुपयोगी आणि लगतच्याला मोलाचं. ‘नको’ म्हणताना एवढी एक गोष्ट देता आली तर द्या. मात्र त्यांना न विचारता त्यांचा नंबर कुठल्याही दलालाला देऊ नका. एकदा दिलात की वर्षभर त्या घरातला फोन थांबत नाही.

आणि पुढचं पत्र पाठवाल त्यात काय घेत नाही ते आधी लिहा: बागायत नाही, शेत नाही, खाजन नाही, वाटणी न झालेला हिस्सा नाही, कूळ किंवा मुंडकार (मालकाच्या जमिनीत घर करून राहणारा) असलेली जागा नाही. फोन कमी येतील. जे येतील त्यांच्याशी तुम्हाला सरळ बोलता येईल.

प्रश्न : आमचं सासरचं कुळागर (सुपारी-नारळाची बाग) सावईवेऱ्याला आहे, अजून वाटणी झालेली नाही. माझे चुलत दीर पुण्याला असतात. त्यांना आपला हिस्सा विकायचाय आणि तो आम्हीच घ्यावा असा आग्रह आहे. दर चवथीला येतात आणि जेवणाच्या पानावर विषय काढतात. मुलीचं शिक्षण चालू आहे, आम्हाला परवडणारच नाही. आमचे हे मोठ्या भावासमोर गप्प बसतात, मग भाऊजी म्हणतात, ‘वहिनी, तुम्ही तरी सांगा.’ आता ते म्हणतात, नाहीतर बाहेरच्याला देतो. नातं तुटू न देता काय सांगावं?
— सौ. क., फोंडा

उत्तर : तुम्ही सांगायला हरकत नाही, आणि तो तुमचा हक्क आहे. वर लिहिलंय तसं, लग्नापूर्वी वेगळा करार नसेल तर तुमच्या घरात येणारी जागा दोघांची आणि जाणारा पैसाही दोघांचा. म्हणजे भाऊजी तुम्हाला विचारतात, ते योग्य माणसालाच विचारतात. पण एकट्यानं बोलू नका. यजमानांना शेजारी बसवा आणि पहिलं वाक्य त्यांना बोलू द्या, नाहीतर उद्या ‘भाऊ तयार होता, वहिनीनं मोडता घातला’ असं होईल. बायकांच्या माथी हे फार सहज मारलं जातं.

चवथीची वाट बघू नका. गणपतीच्या दिवसांत, पाहुण्यांसमोर, पानावर ‘नाही’ म्हटलं की ते जन्मभर लक्षात राहतं. आधीच, महिना-दोन महिने आधी, पुण्याला जाऊन सांगितलंत तर उत्तम, नाहीतर निवांत फोनवर: ‘भाऊजी, आम्ही हिस्सा घेणार नाही. या वर्षी नाही आणि पुढच्याही वर्षी नाही. तुमची पैशाची गरज खरी आहे, म्हणून आमच्या भरवशावर राहू नका.’ ‘पुढच्या वर्षी बघू’ हे तर मुळीच म्हणू नका. तेच ऐकत ते इतक्या चवथी येतायत.

एक सावधगिरी मात्र हवी. ‘आम्ही घेणार नाही’ आणि ‘कुणालाही, कितीलाही विका, आमची हरकत नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सामाईक मालमत्तेत हिस्सेदाराला आधी विचारायचं, हे आपल्या सिव्हिल कोडमध्ये आहे. म्हणून भाऊजींना सांगा, बाहेरचं गिऱ्हाईक कोण आणि ते किती देतंय हे लिहून द्या. तुमचा नकारही त्या भावापुरता, त्या व्यवहारापुरताच लिहा. तोंडी ‘नको’ घेऊन उद्या निम्म्या भावात दुसऱ्याला दिलं, तर तुम्हाला बोलायला जागा राहायला हवी. ते चिठ्ठीवर सही मागतील तर आधी वकिलाला दाखवा. यात अविश्वास नाही, त्यांच्या गिऱ्हाइकाचा वकीलही उद्या हेच विचारणार आहे.

सगळ्यांत बरा मार्ग म्हणजे आधी वाटणी. वारसांमधली वाटणी न्यायालयातून इन्व्हेंटरीनं, म्हणजे मालमत्तेची यादी करून, होते, आता ती २०१२ च्या वारसा कायद्याखाली चालते. सगळे राजी असतील तर आपसांत करारानंही वाटून घेता येतं. मग भाऊजी स्वतःचा तुकडा विकतील, तुमच्या घरात परका भागीदार येणार नाही.

पण कुळागर वाटताना फक्त जमीन मोजून भागत नाही. कुळागर म्हणजे पाणी. वरचा झरा, त्याची तळी, उतारावरून पोफळींच्या पायाशी फिरवत आणलेला पाट. वरचा भाग बाहेरच्याकडे गेला आणि त्यानं पाट बुजवून तिथे भिंत घातली, तर खालच्या सुपाऱ्या दोन उन्हाळ्यांत माना टाकतील. पाटाची वाट, पाण्याची पाळी, झऱ्याचा हक्क, सगळं वाटणीपत्रात शब्दांत आणि नकाशावर रेघेनं असू द्या. जे तुम्ही भाऊजींकडून विकत घेत नाही, त्याच्याशी तुमचं पाणी बांधलेलं आहे हे त्यांना प्रेमानं सांगा. कुळागरात वाढलेल्या माणसाला ते समजावून द्यावं लागत नाही.

प्रश्न : मी डिचोलीचा, नुकताच निवृत्त झालो. घरासाठी बार्देशात एक जागा बघितली. विकणाऱ्या आजी साधारण ऐंशीच्या, एकट्याच राहतात. एक-चौदा काढला तर कब्जेदाराच्या रकान्यात आजींच्या घराण्याशी संबंध नसलेलं नाव. मी घाबरलो आणि ‘बजेटमध्ये बसत नाही’ सांगून बाजूला झालो. आता वाटतं, सांगायला हवं होतं का?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : हो. आणि अजून उशीर झालेला नाही, उद्याच जा.

आजींना बहुधा हे ठाऊकच नाही. १९७० च्या दशकात सर्व्हे झाला, तेव्हा घरचे लोक मुंबईला किंवा आफ्रिकेत असत, जो शेतात दिसला त्याचं नाव चढलं, असं पुष्कळ ठिकाणी झालंय. तेव्हा ही जुनी चूक असू शकते. पण दुसरीही शक्यता आहे. मालक परदेशी किंवा वारलेला, जागा नुसती पडून, आणि खोटे दस्त करून तिसऱ्यानं ती आपल्या नावावर करून घेतलेली. अशा प्रकरणांच्या तपासासाठी सरकारला २०२२ मध्ये विशेष तपास पथक नेमावं लागलं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाची जागा ही त्या लोकांची पहिली पसंती असते. आणि जमीन महसूल कायद्याप्रमाणे उलट सिद्ध होईपर्यंत एक-चौदाची नोंद खरी धरली जाते. आजी गप्प राहतील तेवढा काळ ते नाव बळकट होत जाईल.

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात विकणाऱ्यानं दोष लपवू नये असं आहे, आणि विकणाऱ्याला ठाऊक नसलेली, त्याच्या हक्काचं मोल वाढवणारी गोष्ट घेणाऱ्याला माहीत असेल तर त्यानंही ती सांगावी असं आहे. तुम्ही जागा घेतच नाही, तेव्हा हा कायदा तुम्हाला बांधत नाही. पण आजींच्या जमिनीचा तो कागद आज तुमच्या खिशात आहे आणि त्यांच्याकडे नाही.

जाताना उताऱ्याची प्रत घेऊन जा, मोठ्या अक्षरांत काढून घ्या. कुणावर आरोप करू नका. ‘आजी, मी जागा घेणार नाही हे नक्की. पण मी पाहिलं तेव्हा इथे हे नाव होतं. हे कोण, तुम्हाला माहीत आहे?’ एवढंच विचारा. बजेटचं कारण खरं नव्हतं हेही सांगून टाका. मग त्यांच्या विश्वासाच्या माणसाला, भाच्याला, पुतणीला, चर्चच्या किंवा देवळाच्या ओळखीतल्या कुणाला, त्यांच्यासमोरच फोन लावून द्या. म्युटेशनची (फेरफाराची) मूळ फाईल मागायची, नाव कुठल्या दस्तावर चढलं ते बघायचं, आणि दस्त खोटा निघाला तर पोलिसांत जायचं. हे काम त्यांच्या माणसांचं आणि वकिलाचं आहे. तुम्ही पंधरा दिवसांनी एकदा चौकशी करा. निवृत्त माणसाला एवढी सवड असते.

प्रश्न : विकणारा रोज घरी यायचा, ‘दुसरं गिऱ्हाईक थांबलंय, निदान टोकन तरी द्या’ म्हणायचा. कंटाळून एक लाख रोख दिले. नंतर कळलं, जागेत मुंडकाराचं घर आहे. आता जागा नको, पैसे परत हवेत. तो म्हणतो, टोकन परत मिळत नसतं.
— एक वाचक, साखळी

उत्तर : त्याचं म्हणणं सरसकट खरं नाही. तुम्ही उगाच मागे फिरला असतात तर टोकन जाण्याची भीती होती. पण १९७५ च्या कायद्यानं मुंडकाराला घरातून काढता येत नाही, उलट ते घर विकत घ्यायचा त्याला हक्क आहे. जागेतली एवढी मोठी गोष्ट लपवली असेल तर घेणाऱ्याला नकार देता येतो आणि दिलेली रक्कम मागता येते. वर ज्या १८८२ च्या कायद्याचा उल्लेख केला, त्यातच हे आहे. शिवाय मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त आगाऊ रक्कम रोखीत घ्यायला आयकर कायद्यानं मनाई आहे आणि दंड घेणाऱ्याला होतो. हे धमकी म्हणून सांगू नका, नुसतं माहीत असू द्या. तो बहुतेक मनात जाणून असेल.

आधी पत्र लिहा. टोकन कोणत्या तारखेला दिलं, कुणासमोर दिलं, सर्व्हे नंबर कोणता, मुंडकाराचं घर कधी कळलं, जागा का नको, पैसे किती दिवसांत हवेत. मुंडकाराला यात ओढू नका, त्याच्या दारात जाऊन ‘तुझ्यामुळे व्यवहार मोडला’ असं तर चुकूनही म्हणू नका. तो तिथे तुमच्याआधी आहे. पत्र स्पीड पोस्टानं पाठवा आणि पोचपावती जपा. उत्तर आलं नाही तर वकिलाची नोटीस.

रोज दारात येणाऱ्याला टोकन देऊन थांबवता येत नाही, त्यानं तो आणखी घट्ट बांधला जातो. ‘नको’ हा शब्द तुमच्याकडे पहिल्या दिवशी फुकट होता. आता पैसे परत येतील तेव्हा चेकनं किंवा बँकेतून घ्या, आणि व्यवहार रद्द झाला, कुणाचं कुणाकडे येणं-देणं नाही, अशा दोन ओळी सर्व्हे नंबर आणि तारीख घालून लिहून घ्या. दोघांच्या सह्या, एक प्रत त्याच्याकडे, एक तुमच्याकडे.